जांभळ्या पेन्सिलीचा उतारा

सरांनी एकदा कुणाचा हात हातात घेतला की तो लवकर परत मिळत नसे. लग्नात, एस.टी. स्टँडवर, भाजीबाजारात, कुठंही. समोरचा माणूस सहज हात पुढे करी आणि सर तो धरून ठेवत. तोंडानं पाऊसपाण्याचं नाहीतर पोराबाळांचं बोलणं चालू असे, आणि अंगठा मात्र त्या माणसाच्या मनगटावरून हळूहळू फिरत असे. मधेच विचारत, "लहानपणी झाडावरून पडला होता काय? ह्याच हातावर?" माणूस चाट पडे. एका लग्नात त्यांनी नवऱ्यामुलाच्या वडिलांचा हात असाच धरून ठेवला, तेव्हा ते गृहस्थ म्हणाले, "डॉक्टर, मुलगी आम्ही पसंत केलीय, आता तुम्ही आम्हाला तपासताय होय?" सर म्हणाले, "तुमची करंगळी सुन्न असते का हो?" आणि ती खरोखरच असायची.

सांगलीतल्या आमच्या हॉस्पिटलात सर हाडांचे आणि हातांचे मुख्य डॉक्टर होते. मूळचे औंधकडचे, शेतकऱ्याघरचे. काही वर्षं फौजेत डॉक्टर म्हणून काढलेली. मी पुण्याहून एम.एस. होऊन त्यांच्या हाताखाली लागलो तो दुष्काळाच्या आदल्या वर्षी. मी सातारचा, म्हणजे सरांच्याच मुलखातला, पण पुण्याच्या पाण्यानं माझ्या अंगात थोडा ताठा आला होता. तो पुढे चांगलाच उतरला, पण उतरला तेव्हा उशीर झाला होता. ते सगळं सांगायलाच मी हे लिहायला बसलो आहे.

सरांच्या खिशात जांभळ्या शिशाची पेन्सिल असे. टोक जिभेवर ओलं केलं की शाईसारखी उमटणारी, पूर्वी पार्सल ऑफिसात असायची तसली. त्यामुळे सरांचा खालचा ओठ कायम जांभळा. नवीन पेशंटला वाटे, डॉक्टरांनाच काहीतरी छातीचं दुखणं आहे. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सर पेशंटच्या खाटेवर बसत आणि त्या पेन्सिलीनं त्याच्या हातावर आतलं सगळं बाहेर काढत. इथून नस जाते, इथं ती वळसा घेते, इथं तिच्या अंगावर दोन बोटं स्नायू आहे. पेशंट मिळाला नाही तर स्वतःचा डावा हात होताच. त्यांच्या डाव्या हातावर केस असे नव्हतेच, सारखे भादरलेले. काकू म्हणायच्या, "ह्यांच्या सदऱ्याच्या बाह्या धुऊन धुऊन मला हाताच्या सगळ्या नसा पाठ झाल्यात. एखादं ऑपरेशन मीच करीन."

दर रविवारी सकाळी सरांच्या पडवीत आम्हा शिकाऊ डॉक्टरांचा वर्ग भरे. खाटकाकडून बकऱ्याचे पुढचे पाय आणलेले असत. प्रत्येकाला एक पाय आणि एक चाकू. हाडापर्यंत पोचायचं, पण एकही नस दुखवायची नाही, आणि शक्यतो एकही स्नायू कापायचा नाही. आम्ही घाई केली की सर मागून येऊन उभे राहत.

"बांध कुठाय?"

बांध हा सरांचा शब्द. त्यांचं म्हणणं असं की हात म्हणजे वाटण्या झालेली जमीन आहे. हा स्नायू ह्या नसेचा, तो त्या नसेचा. प्रत्येक नस आपापल्या रानाला पाणी देते. दोन मालकांच्या रानामधून जो बांध जातो त्या बांधावरून चालत हाडापाशी जायचं. "रानात पाय टाकला की पीक तुडवलं. वर टाके किती का सुंदर घाला, खालचं पीक गेलं ते गेलं." इंग्रजी पुस्तकात हीच गोष्ट दीड पान खाते. वर्ग संपला की ते पाय काकूंच्या चुलीवर जात आणि आम्ही आमचा अभ्यास रश्शात कालवून खात असू.

केसपेपरवर पहिल्या ओळीत रोगाचं नाव लिहिलेलं सरांना चालत नसे. पहिल्या ओळीत लिहायचं, हा हात कशाला लागतो. इस्लामपूरकडची एक म्हातारी मनगट पार खिळखिळं झालेलं घेऊन आली होती. मनगट कायमचं एका जागी जखडायचं ठरलं. कोणत्या कोनात जखडायचं ते पुस्तकात दिलेलं आहे. सरांनी परात, पीठ आणि तांब्याभर पाणी मागवलं आणि म्हणाले, "म्हातारे, भाकरी थाप." ती लाजली. "आवं डाक्टर, हितं दवाखान्यात?" "हितंच थाप. मला तुजा हात बघायचाय." तिनं कण्हत कण्हत अर्धी भाकरी थापली, सरांनी तिचं मनगट तिथल्या तिथं धरून पेन्सिलीनं खूण केली, आणि त्याच कोनात ते पुढे कायमचं बसवलं. मी तेव्हा बाहेर जाऊन हसलो होतो. म्हातारी मात्र पुढची कितीतरी वर्षं थापत राहिली.

आता उताऱ्याबद्दल सांगायला हवं.

मोडलेल्या हाडावर पोलादी पट्टी स्क्रूंनी बसवायची पद्धत आमच्याकडे तेव्हा नुकतीच रुळत होती. पुढे दोन-तीन वर्षांनी पट्टी काढायची वेळ येते. सर सांगत, "अपघात पट्टी बसवताना होत नाही रे, काढताना होतो. बसवताना सगळे जागे असतात. काढताना वाटतं, चार स्क्रू तर काढायचेत. आणि तोवर आत सगळं चिकटून बसलेलं असतं, नस कुठली नि स्नायूची दोरी कुठली कळत नाही." विशेषतः दंडाच्या मागच्या बाजूनं जावं लागलं तर. तिथं बांधच नाही, सगळं रान एकाच नसेचं, आणि ती नस हाडाला वेटोळं घालून बरोबर पट्टीवरून आडवी गेलेली असते. मनगट आणि बोटं वर उचलणारी हीच नस.

म्हणून सर प्रत्येक पेशंटला एक चित्र देत. पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर हाड, मोड, पट्टी, पट्टीची सगळी भोकं, आणि कितव्या भोकावरून नस जाते ती जांभळी रेघ. खाली, ज्यानं ऑपरेशन करताना डोळ्यांनी पाहिलं त्याची सही. एक्स-रेची जुनी फिल्म धुऊन पारदर्शक करून तिच्या तुकड्यात ते चित्र काकू शिवून देत. पेशंटला सर सांगत, "हा तुज्या हाताचा सात-बाराचा उतारा. कोन बी डॉक्टर पट्टी काढाय लागला तर आदी ह्यो त्येच्या म्होरं धर." लोक तो खरोखर जमिनीच्या कागदासारखा जपत.

आमच्यापैकी कुणी उतारा काढून दिला की सर एकच प्रश्न विचारत. "बघून काढलास ना?" रोज विचारत. मला त्या प्रश्नाचा कंटाळा आला होता.

बिरू आमच्याकडे आला तो पौषात. जतकडचा धनगर, तिशीच्या आतला, उजवा दंड मोडलेला. ट्रकनं मेंढरांच्या कळपाला धक्का दिला, त्यात हा सापडला. केसपेपर मीच लिहिला. "हात कशाला लागतो?" मी विचारलं.

"कातराय लागतो."

"म्हणजे?"

"मेंढरं कातराय, सायेब. माज्यासारकी लोकर आमच्या मुलखात कोन उतरत न्हाई. मेंढराच्या कातडीला कात्रीचं टोक लागलं तर हात तोडून दीन." मग मोडलेल्या हाताकडे बघून स्वतःच हसला. "तोडाय न्हाई लागला, आदीच मोडला." बरोबर आलेल्या त्याच्या भावानं सांगितलं की चार-चार गावांचे धनगरवाडे बिरूला कातरायला बोलावून नेतात, मानानं, पागोटं बांधून.

सर नेमके यमाईच्या यात्रेसाठी औंधला गेले होते. दरवर्षी जात. जाताना मला म्हणाले, "दंड तू कर. तुला येतं." आयुष्यातलं माझं पहिलं असं ऑपरेशन, सर गावात नसताना.

मी रात्रंदिवस पुस्तक घेऊन बसलो वगैरे काही नाही. मी आदल्या दुपारी उतारा काढून ठेवला. एक्स-रे बघितला, दहा भोकांची पट्टी लागणार हे ठरवलं, मोड वरून पाचव्या आणि सहाव्या भोकांच्या मधे येणार, मग नस चौथ्या भोकावर येणार. माझं ड्रॉइंग पहिल्यापासून चांगलं. सरांच्या उताऱ्यांना मी मनातून हसत असे, शाळेतल्या पोरानं काढल्यासारखे असत ते. मी दोन रंगांची शाई वापरली, सावल्या दिल्या, अक्षर छापल्यासारखं काढलं. खरं सांगतो, ते चित्र मी सरांना दाखवायला काढलं होतं. बिरूसाठी नव्हतं काढलं.

दुसऱ्या दिवशी हात उघडला तर फिल्मवर न दिसलेली एक बारीक चीर हाडात खाली गेलेली. पट्टी ठरवल्यापेक्षा खाली सरकवून बसवावी लागली. नस मी नीट शोधली, फीत घालून बाजूला धरली, तिला ओरखडासुद्धा येऊ दिला नाही. पण शेवटी फीत काढून नस पट्टीवर परत ठेवली तेव्हा ती कितव्या भोकावर आली ते मी मोजलं नाही. उतारा तयारच होता ना. जखम शिवून झाल्यावर आठवलं. म्हटलं, उद्या बदलू. आणि उद्या ते चित्र हातात घेतलं तर इतकं सुबक होतं की फाडायचं जिवावर आलं. शिवाय मनात म्हटलं, नस पट्टीवर कुठंतरी आहे एवढं तर कुठल्याही डॉक्टरला कळेलच.

सर यात्रेहून आले. बिरूला तपासलं, मनगट वर करायला लावलं, बोटं उघडायला लावली. सगळं ठणठणीत. सरांचा चेहरा खुलला. मग उतारा हातात घेतला, बराच वेळ बघितला.

"चित्रकार आहेस की," म्हणाले. आणि मग नेहमीचंच. "बघून काढलास ना?"

"हो सर," मी म्हणालो.

सगळं त्या एका 'हो'मध्ये आहे. सरांनी माझ्या सहीखाली स्वतःची सही केली, आणि ते कार्ड काकूंकडे शिवायला गेलं. बिरूनं ते घेतलं, कपाळाला लावलं आणि कमरेच्या भंडाऱ्याच्या पिशवीत ठेवलं.

तीन वर्षं गेली. बिरूची मेंढरं लोणंदच्या बाजूला शेतांत खतासाठी बसायला गेली होती. थंडीत पट्टी ठणकते म्हणून ती काढून घ्यायला तो तिकडच्याच एका डॉक्टरकडे गेला. त्या डॉक्टरनं काही चुकीचं केलं नाही. बिरूनं उतारा पुढे केला, तो त्यानं भिंतीला टाचून ठेवला, आणि चौथ्या भोकाजवळ तो जिवाच्या आकांतानं जपून गेला. वरच्या बाजूला मात्र त्यानं बिनधास्त हात चालवला, कारण कागद म्हणत होता की तिथं काही नाही. नस दुसऱ्या भोकावर होती.

बिरू आमच्याकडे परत आला तेव्हा आठ महिने उलटून गेले होते. मधल्या काळात कुणी मालिश सांगितली, कुणी ताईत. उजवा हात मनगटापासून लोंबत होता. डाव्या हातात तो उतारा होता, भंडाऱ्यानं पिवळा झालेला.

"सायेब, ह्यो दावला हुता मी," एवढंच म्हणाला.

सरांनी उतारा घेतला. मग कपाटातून त्याची जुनी फिल्म काढली, ऑपरेशननंतरची. ती खिडकीच्या उजेडात धरली आणि शेजारी उतारा धरला. फिल्ममध्ये नस दिसत नाही. पण मोड दिसतो आणि भोकं दिसतात. चित्रात मोड पाचव्या भोकाखाली होता, फिल्ममध्ये तिसऱ्या. मी दाराशी उभा होतो. मी मनात घोकत होतो की सर भोकं मोजणार नाहीत. सरांनी फिल्म पाकिटात घातली, पाकीट कपाटात ठेवलं आणि खुर्ची ओढून बिरूसमोर बसले.

"बिरू, कागदात चूक हाय. सही माजी हाय. चूक माजी."

त्या दुसऱ्या डॉक्टरलाही त्यांनी त्याच दिवशी पत्र लिहिलं, की दोष तुमचा नाही, आमच्या उताऱ्याचा आहे. ते पत्र टपालात टाकायला त्यांनी माझ्याकडे दिलं. मला तेव्हा बोलता आलं असतं. खोलीत आम्ही दोघंच होतो. मी पत्र घेतलं आणि तिकीट लावलं.

नसेची दोन टोकं जुळण्यापलीकडे गेली होती. सरांनी दुसरा मार्ग काढला. हाताच्या पुढच्या बाजूला ज्या स्नायूंना दुसरी नस पाणी देते, त्यांतले तीन सोडवायचे आणि त्यांच्या दोऱ्या मागच्या बाजूला नेऊन जोडायच्या, म्हणजे तेच स्नायू मनगट आणि बोटं उचलतील. बिरूला त्यांनी समजावलं, "तुजा बैल गेला. आता शेजाऱ्याचा मागून आणतो आणि तुज्या औताला जुपतो."

"दुसऱ्याचा बैल माजं ऐकंल व्हय?"

"शिकवाय लागंल. दोन महिने लागत्याल."

इतकं देखणं ऑपरेशन मी नंतर कधी पाहिलं नाही. मी समोर उभा राहून जखम उघडी ठेवणारे आकडे धरले होते. एरवी ते मला विचारत, बांध कुठाय, ही दोरी कुणाची, पुढे काय लागेल. त्या दिवशी त्यांनी मला काहीच विचारलं नाही, आणि त्यानंतरही कधी विचारलं नाही.

हात बराच सुधारला. मनगट उचललं गेलं, काठी धरता आली, भाकरी मोडता आली. पण बोटं सगळी एकदम उघडत आणि एकदम मिटत. कात्रीला बोटं वेगवेगळी लागतात. बिरूनं वॉर्डात एकदा कात्री मागवून हवेत चालवून बघितली, आणि खाटेखाली ठेवून दिली. घरी जाताना सरांच्या पाया पडला नाही. मेंढरं राखीन म्हणाला. सरांनी त्याला नवा उतारा दिला नाही, त्याला काय, पुढे कुणालाच दिला नाही. पेन्सिल खिशातून गेली आणि महिन्याभरात ओठाचा रंगही गेला. काकू एकदा मला म्हणाल्या, "ह्यांचे सदरे आता लगेच धुऊन होतात हो." मी मान हलवली.

मी सांगली सोडली, साताऱ्यात स्वतःचा दवाखाना टाकला. बरा चालला. सर निवृत्त होऊन औंधला जाऊन राहिले. ते आजारी असल्याचं कळलं तेव्हा मी मनाशी ठरवून गेलो. म्हटलं, आता सांगून टाकायचं.

सर पडवीत बाजेवर बसले होते, खूप वाळले होते. मी हात पुढे केला, तो त्यांनी नेहमीसारखा धरून ठेवला, पण अंगठ्याला पूर्वीचा जोर नव्हता. मी सगळं बोललो. आधी काढून ठेवलेला उतारा, सरकवलेली पट्टी, न मोजलेली भोकं, तो 'हो'. बोलताना मला रडू आलं आणि खरं सांगायचं तर बरंही वाटू लागलं.

"माहिताय मला," सर म्हणाले. "फिल्म मी बघितली होती की."

"मग तुम्ही का बोलला नाहीत?"

"तू बोलशील म्हणून थांबलो होतो." मग त्यांनी विचारलं, "बिरूला सांगितलंस?"

"नाही."

"मग माझ्याकडे कशाला आलास?"

सरांनी माझा हात सोडला. मग आवाज मऊ करून म्हणाले, "इथं यात्रेत दिसला होता मला. मला बघून तोंड फिरवून गेला. त्याचं बरोबर आहे." आणि काकूंना चहा टाकायला सांगितला.

मी परत आलो, आणि दवाखाना, पेशंट, घरचं काहीबाही यांत बिरूला शोधणं पुढं ढकललं. ढकलणं मला चांगलं जमतं. महिनाभरानं सर गेल्याचं कळलं. मग मात्र मी दर बाजाराला लोणंदला जाऊ लागलो, मेंढरांच्या बाजारात. चौथ्या खेपेला बिरू भेटला. दाढी पिकायला लागली होती. उजव्या हातात काठी होती. शेजारी एक जण मेंढरू पाडून कातरत होता आणि बिरू उभ्यानं त्याला सांगत होता, हितं हलकं, हितं दाबून.

मला त्यानं ओळखलं. आम्ही एका लिंबाखाली बसलो आणि मी सांगितलं, काही लपवलं नाही. चूक सरांची नव्हती, माझी होती, आणि सर ती स्वतःवर घेऊन गेले. बिरू ऐकत होता, काठीनं मातीत रेघा ओढत होता. मला वाटलं, आता शिव्या देईल, काठी घालील. त्यानं काठी घातली असती तर मी तिला पाठ दिली असती.

"थोरले डाक्टर कुटं असत्यात आता?" त्यानं विचारलं.

"गेले. दोन महिने झाले."

बिरूनं काठी खाली ठेवली.

"आवं, मी त्यास्नी लय शिव्याशाप दिलं," तो म्हणाला. "रोज दिलं. यात्रंत समोर आलं तवा हात पुडं केला हुता त्येनी. मी न्हाई दिला." तो आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिला. "त्या शिव्यांचं आता मी काय करू, सायेब? तुमी मला सांगितलंसा. मी कुनाला सांगू?"

मी त्याचा तो हात हातात घेतला. माझा अंगठा सवयीनं त्याच्या मनगटावर गेला. कातडीखाली सरांनी जोडलेली दोरी लागत होती. त्यानं मूठ मिटली तशी ती माझ्या अंगठ्याखाली ताठ झाली, आणि मी हात सोडेपर्यंत तशीच होती.